मेढ्याचा खड्डा

—नाई जी भाऊ, तिकडचा नोका पाहू, त्या खड्ड्यात काई राह्यलं नाई, नुसती राख अन् खापरं. इकडं या. हा पाहा, निंबाखालचा. हात घालून पाहा, घाबरता कायले — कसं भुरभुरीत आहे, चहाच्या पत्तीवानी. वास येते का? नाई येत. ज्याले वास येते थे कच्चं खात, शेताच्या कामाचं नाई, ज्याले नाई येत थे पक्कं, एवढं तं तुमाले समजते, तुमी काई शहरातले बाबू नाई. दोन बंड्या घेऊन आले ना? दोनीनं नाई होत जी. अजून खेपा कराव्या लागतीन, लागू द्या — पर नेलं तं सगळं न्या. मी आंदीच सांगून ठेवते. वरचं वरचं चांगलं काहाडून नेलं अन् खालचं टाकून देलं, असं नाई चालाचं. तळ दिसला पायजे. मंग मी थो तळ शेनानं सारवून घेईन, एवढा साफ पायजे मले. बैल सोडा ना, सावलीत बांधा. पानी — नाई नाई, ह्या विहिरीचं नोका पाजू. हिचं कोनी पीत नाई आता. थे पळसाच्या मांगं पान्याचा डोबरा आहे, तिथी न्याले सांगा तुमच्या गड्याले. खारट आहे म्हून, अजून काय. बसा तुमी, बसा.

मी भागीरथा. कमेटीच्या कचऱ्याच्या बंडीवर वारलू होता ना, त्याची घरवाली. तुमी मूल गावाकडचे, तुमी नाई ओळखनार, पर ह्या गावात कोनालेई पुसा — सकाळी वारलूच्या बैलाची घंटी वाजली का बाया टोपले घेऊन दारात उभ्या. आंदी असं नोतं. आंदी ज्याचा उकिरडा त्याच्या घरामांगं. मंग नागपूरहून नवा इनिस्पेक्टर आला, म्हने आता घरामांगं उकिरडा नाई ठेवाचा, सगळा कचरा कमेटीच्या बंडीत टाकाचा, कमेटी खड्डे खोदून त्याचं खात करन अन् शेतकऱ्याले इकन. धान जास्त पिकवा, असा सरकारचा हुकूम होता म्हने. लोक हासले — घरातली घान आता सरकार इकनार. पर टाकू लागले. आमाले इथी खोली बांधून देली, ही विहीर खोदून देली, बाजूनं अजून कामकरी लोकाईच्या झोपड्या. एक थर कचरा, एक थर मैला, वरून माती — नाक नोका मुरडू जी, भात खाता तवा नाई मुरडत. वारलू बंडी रिती करे, मी पसरवो. अन् त्या टोपल्याईतून कोनाच्या घरी काय चालू आहे सगळं समजे. एका वकिलाच्या घरी चातुर्मासात कांदाई बंद, अन् टोपल्यात कोंबडीच्या हड्ड्या. वारलू कोनाले सांगे नाई, फक्त मले सांगे. अन् मी कोनाले सांगनार, इथी खड्ड्यापाशी कोन येते गप्पा माराले. हासा, हासा जी. त्या दिवसात आमीई खूप हासो.

काय पुसलं? बाकीचे खड्डे खाली झाले, हाच काऊन भरलेला आहे? — अं. गावात कोनी सांगतलं का तुमाले काई? नाई ना. मंग असं पुसता कायले. दोन उन्हाळे पडून आहे म्हून तं एवढं पिकलं. इथचे लोक येडे आहेत, अजून काय. येतात, बाजूच्या खड्ड्यातलं भरतात, अन् भरतानी ह्याच्याकडं पाठ करून उभे राहतात. मी म्हन्लं, अरे हे सोनं आहे, न्या ना — तं असे पाहतात माझ्याकडं का मीच जादूटोना करून राह्यली. आता तुमी परके, तुमाले लपवून तरी काय करू, वाटंत कोनी ना कोनी सांगनच. तुमच्या गावी पोळ्याले दारात मेढे ठेवता ना? ठेवताच, आपल्या झाडीपट्टीत कोन नाई ठेवत. पळसाच्या फांद्या, दाराच्या दोनी अंगाले. अन् दुसऱ्या दिवशी मारबतीले, झुंजुरका उठून, त्या उचलून शिवेच्या पार. खोकला, खरूज, ताप, घरात जे जे असन त्याचं नाव घ्याचं अन् ओरडत जाचं — घेऊन जा गे मारबत. पार टाकून आलं का मांगं वळून नाई पाहाचं. लहान होती तवा मी एकदा पाह्यलं होतं वळून, मायनं असा कान पिळला होता.

तं त्या साली पोळ्याले पानी थांबेच ना. शिवेची वाट गुडघाभर चिखल. अन् इनिस्पेक्टरच्या मनात आलं का त्याच वाटेनं चांद्याचे मोठे साहेब येनार, तिथी सगळ्या गावाचे मेढे कुजत पडतात, हे बरं दिसत नाई. मंग कमेटीनं दवंडी पिटली — औंदा कोनी शिवेवर जाऊ नये, आपले मेढे कमेटीच्या बंडीत टाकावे. लोकाईले वाटलं बरं झालं बाप्पा. कमेटी म्हंजे सरकार. सरकारच आपली इडापिडा बंडीत भरून शिवेपार नेऊन टाकते, तं आपन कायले चिखलात पाय घालाचे? बंडी जाते कुठी, हे एकानंई नाई पुसलं. रोज जाते तिथीच जाईन ना. तिले दुसरी वाट कुठी ठाऊक आहे. पर नाई सुचलं कोनाले. मलेई नाई सुचलं, मी कायले लोकाईले हासू.

वारलू त्या दिवशी दारोदार फिरला. दरेक घरचे लोक बंडीत मेढे टाकत अन् बंडीत तोंड घालून ओरडत, आपापलं दुखनं सांगत. गुनाबाई म्हून एक म्हातारी होती, तिच्या नातवाचे डोळे आले होते, थे बंडीच्या चाकाले हात लावून म्हने, मारबते, पोराच्या डोळ्यातलं घेऊन जा माय. वारलूनं मले सगळं सांगतलं घरी येऊन. बंडी अशी उंच भरली होती पाल्यानं. इथी आला तं इनिस्पेक्टर उभाच होता छत्री घेऊन. वारलू म्हने, साहेब, शिवेपार टाकून येतो, मले चिखलाचं काई नाई. साहेब वाईट मानूस नोता जी, खरंच नोता. हासला. म्हने, वारलू, हिरवा पाला आहे, ह्याच्यासारखं खात नाई, टाक खड्ड्यात अन् वरून माती टाक. टाकलं. ह्याच खड्ड्यात. — आता उठता कायले? बसा ना. अर्धं आयकून उठू नोका, पुरं आयका.

मंग थोड्याच दिवसात हैजा आला. गावात नाई आला आंदी. इथी आला, ह्या झोपड्याईत, खड्ड्याच्या चारई बाजूनं. मंग गावात शिरला. आता लोक काय म्हननार? म्हने, मारबत शिवेपार गेलीच नाई, खड्ड्यात बसून राह्यली अन् तिथूनच उठली. चांद्याहून डाक्टर आला. त्यानं खड्डा पाह्यला, विहीर पाह्यली, दोनीच्या मधातून पावलं मोजत चालला, अन् सगळ्याईसमोर म्हने का पावसानं खड्ड्यातली घान जमिनीतून विहिरीत उतरली, लोक थेच पानी पेले. विहीर खड्ड्यापाशी खोदाचीच नोती म्हने, नाईतं खड्डे विहिरीपासून लांब पायजे होते. मंग तिच्यात लाल दवाई टाकली. पानी जांभळासारखं झालं. — म्हंजे खारट नाई जी. मघा मी तसंच म्हन्लं तुमाले. मुकं जनावर आहे म्हून पाजू नाई देलं.

बुधरी आमची. एकच होती. बुधवारी झाली म्हून बुधरी, वारलूनंच ठेवलं नाव. पुढचे दात पडून नवे येऊन राह्यले होते, तं बोलली का हवा निघे तोंडातून. बापाच्या मांगं बंडीवर उभी राहे, सगळ्या गावाले वाटे ह्या पोट्टीचीच बंडी आहे. अन् इथी मी कचरा पसरवो तं ही कांचा वेचे — फुटक्या बांगड्याच्या, कंदिलाच्या, निळ्या शिशीच्या. मी ओरडो का पाय कापन, हात कापन. तंबाखूची एक डब्बी होती तिच्यापाशी, तिच्यात ठेवे. एक एक कांच डोळ्याले लावे अन् मले सांगे, माय, तू आता हिरवी झाली. माय, तू आता लाल. मले कामाची घाई, मी म्हनो, हो बाई, झाली, सरक तिकडं. तिले सकाळी सुरू झालं. उलट्या, हगवन, पाय वळत. तहान तहान करे. मी पानी देलं. मागे तेवढं देलं. ह्याच विहिरीचं — दुसरं कुठचं देनार होती मी? घटाघटा पे अन् अजून मागे. सांज नाई झाली. त्याच्या आंदीच गेली. मी आता कदी कदी हात पाहत राहते माझे, का ह्याच हातानं देलं.

रडत नाई जी मी, डोळ्यात धूळ जाते इथची. — पावसातच नेली तिले. लहान लेकराले आपल्यात जाळत नाई, नदीकाठी मातीत देली. घरी आलो तं दारात इनिस्पेक्टर. म्हने, तिचे कपडे, अंथरून, तिनं हात लावलेलं सगळं जाळून टाका, घरात ठेवू नोका, तसा कायदा आहे. जाळाले गेलो तं लाकूड ओलं, काई पेटेना, नुसता धूर. मंग म्हने, खड्ड्यात टाका, चुना टाका, माती टाका. वारलूनं टाकलं. तिची गोदडी, दोन पोलके, पोळ्याले शिवलेला घागरा, अन् थे डब्बी. डब्बी तिच्या मुठीतच होती शेवटपर्यंत. मी म्हन्लं, साहेब, डब्बी तेवढी ठेवते. साहेब खाली पाहून म्हने, बाई, नाई ठेवता येत. त्याचंई तोंड रडाले आलं होतं. मंग त्याची बदली झाली, कुठी गेला मालूम नाई.

वारलूनं छाती नाई बडवली, काई नाई. दुसऱ्या दिवशी बैल जुपले अन् गावात गेला. घंटी वाजली, अन् एकई दार उघडलं नाई. कोनी शिवी देली असती तं बरं झालं असतं जी, मानूस उलटून बोलते तरी. नुसते दार बंद. एका गल्लीतून निरोप आला का कचरा आमी आमचा पाहून घेऊ, वारलूनं बंडी आनू नये. रिती बंडी घेऊन येऊन इथी बसे, खड्ड्याकडं पाहत. एक दिवस मले म्हने, "भागीरथा, सगळ्या गावाची इडापिडा म्या माझ्या हातानं आपल्या दारात आनून ओतली." मी म्हन्लं, डाक्टर काय म्हने, पान्यानं झालं, मेढ्यानं नाई. तं म्हने, विहीर तं आंदीई होती, खड्डे आंदीई होते, पानी दरसाली पडते, मंग त्याच साली काऊन? आता ह्याले मी काय सांगू? तुमच्यापाशी आहे काई जवाब? डाक्टरनं सांगतलं थे मले पटते, खरंच पटते, पर वारलू असं पुसे ना, तं मी चुलीत काड्या सारत राहो.

मंग गेला थो. भांडून नाई गेला. जंगलात बांबू तोडाच्या कामावर गेला, तुमच्याच वाटेनं, तिकडं पुढं. बंडीवर आता जंगू म्हून दुसरा मानूस आहे. बाजाराच्या दिवशी वारलू येते, पर शिवेवर मोहाचं झाड आहे तिथपर्यंतच. तिथी खाली बसते. मी पेज-भात घेऊन जाते, थो तांदूळ आनून देते, दोघं बसतो. रस्त्यानं जानारे पाहतात, नवराबायको असे परक्यावानी झाडाखाली बसले. सुकला आहे लय. मी म्हन्लं, चाल ना घरी. तं म्हनते, "थो खड्डा सगळा शिवेपार गेला का येतो. तवरक मी त्या दारात पाय ठेवत नाई." अन् उठाच्या आंदी दर वेळेस एकच पुसते, खाली झाला का? मी म्हनते, नाई. मंग थो जंगलाकडं अन् मी इकडं. मी एकटीनं टोपल्यानं वाहून नेलं असतं, सुरूई केलं होतं, तं कमेटीचा चपराशी आला, म्हने सरकारी खात आहे, इकल्याबिगर एक टोपलं हालवाचं नाई. अन् घेनारा कोनी नाई. आता तुमीच सांगा.

म्हून आज बंड्या दिसल्या अन् मले वाटलं, परक्या गावचा मानूस आहे, ह्याले काई ठाऊक नाई, भरन अन् जाईन. मोठ्या हुशारीनं बोलाचं ठरवलं होतं. अन् पाहा, मीच सगळं ओकून बसली. इथी दिवसभर बोलाले कोनी नसते ना, मंग असं होते. तुमचा गडी पाहा, फावडं टाकून बंडीपाशी जाऊन उभा राह्यला. काय नाव त्याचं — पोचू? पोचूभाऊचं काई चुकलं नाई. तुमीई जा. मी राग नाई मानत. घरी लेकरंबाळं असतीन तुमच्या, त्याईच्या भातात कोन हे घालन. उन्ह वर येऊन राह्यलं, जुपा बैलं.

काय म्हन्लं? — नेता? सगळं नेता? — अजी, मजाक तं नाई करून राह्यले ना माझी? मातीत गेलं थे माती झालं, म्हन्ता. हाओ जी, हाओ. देव तुमचं भलं करो. पोचूभाऊ, ये ना बाप्पा, तुझा मालक भेत नाई तं तू कायले भेतं. हे घे फावडं. ह्या अंगानं लाव, इकडून, माती भुसभुशीत आहे, जोर नाई लागत. मी भरून देते टोपले, मले सवय आहे, तुमी बसून राहा. पाहा कसं निघून राह्यलं. तुमी मोहाखालूनच जानार ना, शिवेवरून? उद्या बाजार आहे. उद्या थो येईन. मी आज रातीच तळ सारवून ठेवते, अन् उद्या त्यानं पुसाच्या आंदीच सांगते, खाली झाला. हाताले धरून आनते त्याले. खोलीचं छप्पर गळते, त्याले म्हनीन आंदी थे शाकार. बैलाच्या गोठ्याची भिंत पडली. जंगू बंडी हाकते पर त्याले बैल आयकत नाई, आंगात हिवं भरल्यावानी चालतात — वारलू आला का मी कमेटीत जाऊन सांगन, त्याले पुन्हा घ्या म्हून. दोन उन्हाळ्यात लोक विसरले असतीन. काई तरी विसरतातच लोक. भरा, भरा. दुसरी बंडी लावा इकडं.

थांब. पोचूभाऊ, तिकडं नोको. त्या कोपऱ्यात नोको मारू फावडं. — काई नाई जी, तिथी कांच आहे. बैलाच्या पायात जाईन. धानाच्या बांदीत रोवना कराले बाया उतरतात, त्याईच्या पायात जाईन. नाई नाई, चाळून कायले घेता, एवढुसं तं आहे. थांब म्हन्लं ना तुले. हात मांगं घे. — मीच म्हन्लं होतं, हाओ, सगळं न्या म्हून मीच म्हन्लं, मले मालूम आहे. तवा बोलून गेली. आता पोचूनं तिथी फावडं उचललं अन् मले समजलं का ही बंडी शिवेपार जाईन, अन् तुमी थे बांदीत पसरवान, अन् वरून पानी साचन. नदीकाठी जिथी देली होती तिले, थे दरड त्याच साली पुरात गेली जी. सगळीच गेली. मी गेली होती पाहाले, तं नुसतं पानी चालू होतं. इडापिडा न्या, मेढे न्या, सगळ्या गावाचं खोकला-खरूज न्या, माझ्या पोट्टीले त्याच्यात घालून शिवेपार नोका टाकू. थे काई इडापिडा नोती.

एवढा कोपरा राहू द्या. कमेटीले मी सांगन का घेनाऱ्यानंच सोडला.

वारलू? थो पुसन ना उद्या. पुसनच. मी म्हनीन, नाई. — त्याले कसं सांगू, त्यानंच आपल्या हातानं टाकलं तिथी. नाई म्हनीन अन् पेज-भात वाढीन. थो जाईन जंगलाकडं.

भरली ना दुसरी? बांधा मंग दोर, अन् जा. पुन्हा खेपेले नोका येऊ, राह्यलं थे राहू द्या. नाई, पानी नोको मले. जा जी भाऊ, उभे नोका राहू इथी.